आडव्यात तेवीस जास्त

१

सकाळी साडेसहाला कचेरीचं कुलूप काढायचं, आधी वायरलेसचा सेट चालू करायचा, मग चहा ठेवायचा. एकतीस वर्षांत या क्रमात फरक पडलेला नाही. दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत बाक, खुंट्या, गस्तवाल्यांचे बूट आणि त्या बुटांचा वास. आतल्या खोलीत मी, सेट, आणि भिंतभर नकाशा.

आमचे गस्तवाले रोज डोंगरात जातात. पायवाटा तपासतात, पडलेली झाडं बाजूला करतात, वाट चुकलेल्या हौशी मंडळींना गोड बोलून खाली आणतात. आठ, दहा, बारा, दोन, चार या वेळांना प्रत्येकाने हातातल्या जीपीएसवर बघून आपली जागा मला कळवायची. आठ आकडे असतात. आधी चार आडवे, म्हणजे पूर्वेकडे किती, मग चार उभे, म्हणजे उत्तरेकडे किती. ते मी परत वाचून दाखवतो. समोरचा ‘बरोबर’ म्हणाला की त्याच्या रंगाची टाचणी नकाशात टोचतो. शेवटच्या आकड्यात एकाचा फरक पडला तर जमिनीवर दहा मीटरचा पडतो, म्हणून मी याबाबतीत कुणाची गय करत नाही. लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत बापडे.

पूर्वी मीही फिरायचो. मग गुडघा गेला आणि मी खुर्चीत आलो. इथल्या प्रत्येकाला नकाशा मी शिकवलाय, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. एक जण सोडून. चार नंबरची गस्तवाली मला बाबा म्हणते, तेही वायरलेसवर, सगळ्यांच्या देखत. ती माझी मुलगी. टिटवी हे नाव तिच्या आईने ठेवलंय, कारण हिचं तोंड जन्मल्यापासून बंद म्हणून नाही. एकुलती एक आहे. या कामात तिला मी आणलं, आणि त्याबद्दल तिच्या आईने मला अजून माफ केलेलं नाही.

२

त्या दिवशी सकाळी टिटवीचा जीपीएस मेला. सेल फुटून आत पाणी सुटलं होतं. मी झाकण उघडून पुसून काढलं, नवे सेल घातले, तरी पडदा मध्येच अडकायचा. मग मी त्यातलं सगळं पुसून टाकलं आणि यंत्र कारखान्यातून येतं तसं कोरं केलं. तेव्हा कुठे ते सुरळीत चालू झालं.

“द्या ना बाबा, उशीर होतोय,” टिटवी दारात एका पायावर नाचत होती.

“आदल्या रात्री सेल बघायचे असतात. किती वेळा सांगायचं?”

“एकदाच सांगा, पण रोज नका सांगू.” यंत्र माझ्या हातातून ओढून ती गेलीसुद्धा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. भिंतीवरचा आमचा नकाशा जुन्या मोजणीचा आहे. ही यंत्रं मात्र कारखान्यातून नव्या मोजणीवर लावून येतात. त्याला आम्ही डेटम म्हणतो. यंत्राला जुना डेटम लावायला विसरलं तर बाकी सगळं ठीक चालतं, फक्त त्याचे आकडे आमच्या नकाशावर टोचले की माणूस असतो तिथून दोनशेतीस मीटर पूर्वेला पडतो. आकड्यांत सांगायचं तर आडव्यात तेवीस जास्त. नवीन येणाऱ्या प्रत्येकाकडून मी हे पहिल्या दिवशी घोकून घेतो. यंत्र कोरं केलं की आधी डेटम बदलायचा, मग ते हातातून सोडायचं.

आणि त्या दिवशी मीच विसरलो. आठचे आकडे ती तेव्हा आवारातच होती म्हणून मी घेतले नाहीत, त्यामुळे तेव्हाही लक्षात आलं नाही.

३

दहा वाजता सेट खरखरला.

“बाबा, दुसरा चहा झाला की नाही? झालाच असणार.”

“चार, आकडे सांग.”

“आडवे तीन-नऊ-आठ-पाच, उभे एक-नऊ-दोन-पाच.”

मी वाचून दाखवले. “बरोब्बर,” ती म्हणाली. पिवळी टाचणी घेऊन मी नकाशाकडे वळलो आणि हात तसाच थांबला. टाचणी तलावाच्या मधोमध पडत होती.

“पोहतेयस की काय?”

“मी? माझे मोजेसुद्धा कोरडे आहेत.”

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कानशिलं तापली माझी. एकतीस वर्षं ज्या चुकीवरून मी लोकांची चामडी लोळवली ती मी स्वतः केली होती, आणि तीही पोटच्या पोरीच्या बाबतीत. पण कबूल करायला जीभ वळेना.

“तूच काहीतरी बटणं दाबली असशील,” मी म्हणालो. “डेटम गेलाय तुझा.”

“अहो, सकाळी तुम्हीच तर...”

“वाद नको. सेटिंग उघड. जुना डेटम शोध. दाब.”

“दाबते हो, ओरडू नका. हं, हा सापडला. दाबलं.”

“आता परत वाच.”

उत्तर यायला जरा वेळ लागला. यंत्राला पुन्हा जागा शोधायला एवढा वेळ लागत नाही. खिडकीबाहेर कोणीतरी मोटार चालू करून गेलं, तेवढा वेळ गेला.

“कचेरी, चार बोलतेय. आडवे तीन-नऊ-सहा-दोन, उभे एक-नऊ-दोन-पाच.”

मी वाचून दाखवलं. “बरोबर,” आवाज म्हणाला आणि बंद झाला. टाचणी थेट पायवाटेवर बसली. ‘कचेरी, चार बोलतेय’ असं नियमाप्रमाणे माझी मुलगी दोन वर्षांत एकदाही म्हणाली नव्हती. बोलणी खाल्ली म्हणून रुसली असेल, मला वाटलं. पण खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. लागली एकदाची शिस्त, म्हटलं.

४

बाराला ठोक्यावर आवाज आला. “कचेरी, चार बोलतेय. आडवे तीन-नऊ-चार-शून्य, उभे दोन-शून्य-एक-शून्य.” ती डोंगराच्या धारेवर पोचली होती. तिथे पूर्वेला सरळ कडा तुटलेला आहे आणि वाट त्याच्या काठाकाठाने जाते. टाचणी वाटेवर बसली. मी वहीत वेळ लिहून पेनाचं टोपण लावलं.

“बाबा, बारा वाजले. झोपलात का?”

मी सेटकडे बघितलं.

“आडवे तीन-नऊ-सहा-तीन,” टिटवी सांगत होती, “उभे दोन-शून्य-एक-शून्य. लिहा पटकन, भूक लागलीय.”

“आत्ता दिलेस ना आकडे?”

“कधी? दहानंतर मी तोंड उघडलेलं नाही. माझा विक्रम आहे हा.”

आडव्यात तेवीस जास्त. मी दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहून वजाबाकी केली. ती तोंडी येते, तरी केली.

“डेटम परत उलटला तुझा. बघ जरा.”

“बघितला. जुनाच आहे.”

“मग तू कड्याच्या बाहेर हवेत उभी आहेस.”

“वारा तर तसाच आहे.” ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, “बाबा, खरं सांगू? इथलं मला काहीतरी वेगळंच वाटतंय. दगडांवर पांढऱ्या खुणा असतात ना आपल्या, त्या एकही दिसल्या नाहीत. वाट आहे, पण आपली वाटत नाही. आणि पक्षी नाहीत हो. एकसुद्धा नाही.”

“खुणा पावसाने गेल्या असतील. चेष्टा पुरे कर आणि आकडे नीट देत जा. मघाशी कसे दिलेस?”

“मघाशी कधी दिले मी?”

यंत्र बिघडलंय, सेल फुटले तेव्हा आत ओल गेली असणार, कधी जुना डेटम धरतं, कधी नवा. आणि पोरगी माझी खेचतेय, सकाळचा राग काढतेय. दोन्ही गोष्टी पटण्यासारख्या होत्या. मी दुसरी पिवळी टाचणी काढली आणि कड्याच्या बाहेर, कोऱ्या कागदावर टोचली. चहा गार झाला होता, तसाच प्यायलो.

५

दोनला पुन्हा तेच झालं. आधी ‘कचेरी, चार बोलतेय’, मोजके शब्द, अचूक आकडे. मिनिटभराने ‘बाबा’, आणि आडव्यात तेवीस जास्त. या वेळी तिने चेष्टा केली नाही. धुकं उतरतंय, म्हणाली, आणि चालताना पावलांचा आवाज येत नाहीये.

तीन नंबरच्या वाटेवर पैलवान होता. हा आमचा जुना गस्तवाला. काडीसारखा अंगाने, म्हणून पैलवान. दोनच्या सुमारास त्याची वाट टिटवीच्या वाटेला समोरच्या धारेवरून समांतर जाते. मी त्याला हाक दिली.

“पैलवान, माझी पोरगी दिसते का बघ.”

“दिसते की. लाल कोट. धारेवर उभी आहे. हात करू का?”

“कर.”

“केला. तिनेही हात वर केला, मास्तर. वर केला तो तसाच धरलाय. अहो, खाली घे म्हणावं, मी बघितलं.” तो हसला. मग सेटवर नुसता वारा ऐकू आला. “मास्तर...”

“बोल.”

“पलीकडे आणखी एक लाल कोट दिसतोय.”

“पलीकडे कुठे?”

“धारेच्या पूर्वेला. कड्याच्या बाहेर.”

“तिथे उभं राहायला काय आहे?”

“काही नाही. तेच म्हणतोय मी. धुकं आहे नुसतं, आणि त्यात ती दोन्ही हात हलवतेय, उड्या मारतेय. मला बोलावतेय बहुतेक.”

धुक्यावर माणसाची सावली पडते, मी स्वतः पाहिली आहे, मी त्याला तसं सांगितलं. त्यासाठी पाठीशी ऊन लागतं, तो म्हणाला, आणि आज सकाळपासून ऊन कुठे आहे? मग मी त्याला म्हणालो, बाबा रे, तिच्याजवळ जा, तिला घेऊन खाली ये. जातो म्हणाला. दहा मिनिटांनी त्याचा आवाज आला, धापा टाकत.

“मास्तर, मी खाली उतरतोय. माफ करा.”

“अरे, पोरगी एकटी आहे वर!”

“एकटी असती तर गेलो असतो,” तो म्हणाला.

तासाभराने तो बाहेरच्या खोलीत आला. बाकावर सेट ठेवला, माझ्याकडे न बघता बूट बदलले आणि निघून गेला. आयुष्यात कधी विनोद केल्याशिवाय गेला नव्हता हा माणूस.

६

चार वाजता खिडकीतून समोरचं फाटक दिसेनासं झालं. धुकं खालपर्यंत आलं होतं. फोन वाजला. टिटवीची आई.

“अहो, निघाली का ती?”

“निघाली.”

“तिचा आवाज ऐकलात तुम्ही?”

“ऐकला.”

“मग असे का बोलताय?”

“सर्दी झालीय,” मी म्हणालो आणि फोन ठेवला. मोठ्या बचाव पथकाला बोलवावं असं दोनदा मनात आलं. त्यांना यायला तीन तास लागले असते, आणि त्यांना सांगणार काय? माझी एक मुलगी जास्त झालीय म्हणून?

उतरताना एक जागा अवघड आहे. धार संपते तिथे वाट एकदम उजवीकडे वळते. वळण चुकलं आणि सरळ गेलं तर पुढे काहीच नाही. दिवसा, स्वच्छ हवेत, तिथे पांढरा बाण दिसतो. धुक्यात स्वतःचा हात दिसत नाही, तेव्हा मी इथून आकड्यांवर माणसं वळवतो. आजवर बावीस जणांना वळवलंय.

“कचेरी, चार बोलतेय. आडवे तीन-नऊ-चार-सात, उभे एक-नऊ-आठ-आठ. पुढचं दिसत नाही. वळण सांगा.”

बरोबर वळणावर होती.

“बाबा,” लगेच दुसरा आवाज. “तीन-नऊ-सात-शून्य, एक-नऊ-आठ-आठ. मला काहीच दिसत नाहीये. आणि बाबा, ती कोण बोलतेय माझ्या आवाजात? सकाळपासून बोलतेय का? गप्प करा ना तिला.”

आमच्याकडे वायरलेसचा एकच पट्टा आहे. डोंगरातल्यांना एकमेकांचं कधी ऐकू येतं, कधी नाही, पण कचेरीतून एकाला सांगितलेलं सगळ्यांना ऐकू जातं. मी एकीला वळवलं असतं तर दुसरीनेही माझ्या शब्दावर पाऊल टाकलं असतं.

मी बटण दाबलं. “चार, सकाळी निघताना मी तुला काय दिलं?”

“नवे सेल. दोन.”

खरखर. मग दुसरी. “सेल दिलेत आणि वर बोलणी दिलीत. बाबा, प्रश्न काय विचारताय? मला घरी यायचंय.”

आज कोणी विचारलं तर मी सांगेन, तेव्हाच कळलं होतं मला. माझ्या पोरीचा आवाज कोणता ते माझ्या पोटाला कळलं होतं. पण मी मान वळवून नकाशा बघितला. एक टाचणी वाटेवर होती. दुसरी कोऱ्या कागदावर होती, तिथे ना वाट, ना उतार, ना एक रेघ. तिला मी काय सांगणार होतो? उजवीकडे वळ, कुठे? खाली उतर, कशावरून? एकीला घरी आणायचे आकडे माझ्याकडे होते, दुसरीसाठी माझ्याकडे काहीच नव्हतं. आणि आकडे बरोबर असले की माणूस बरोबर असतो, हे मीच सगळ्यांना शिकवलंय.

“चार,” मी म्हणालो, “उजवीकडे वळ. चाळीस पावलं सरळ. मग खडक लागेल, तो डाव्या हाताला ठेवून खाली.”

“बाबा, उजवीकडे इथे काही नाहीये.”

“चाळीस पावलं, चार.”

“पायाखाली दगड लागत नाही हो. मऊ आहे काहीतरी. बाबा, तुम्ही मलाच सांगताय ना?”

मी बटण सोडलं.

“मी जाते,” टिटवी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता, पण ती घाबरली की जास्तच बोलते. “तुम्ही सांगताय म्हणजे असेल वाट. तुमचं कधी चुकत नाही. एक, दोन, तीन...”

ती मोजत गेली. मी एकवीसपर्यंत ऐकलं.

मग दुसऱ्या आवाजाने सांगितलं, “कचेरी, चार बोलतेय. खडक लागला. उतरतेय.”

७

पावणेसहाला बाहेरच्या खोलीचं दार उघडलं. मी गुडघ्याची पर्वा न करता धावलो. उंबऱ्यात माझी मुलगी उभी होती. केसांतून पाणी गळत होतं, ओठ निळे पडले होते. मी तिला धरलं, हात चोळले, गाल चोळले. गार होती, पण अंगात जीव होता, नाडी लागत होती. मी रडलो. तिने मला रडू दिलं.

“बस. टॉवेल घे. चहा देतो.”

तिने कोट झटकून खुंटीला लावला. बूट काढले आणि बाकाखाली जोडीने ठेवले, टाचा भिंतीला लावून. टिटवीचे बूट रोज मी दोन कोपऱ्यांतून गोळा करतो. दमली असेल, मी म्हटलं. माणूस दमला की शहाण्यासारखा वागतो.

“फार घाबरलीस का ग?”

“नाही,” ती म्हणाली.

“दुसरा आवाज ऐकलास तू?”

तिने टॉवेलने एक कान पुसला, मग दुसरा. “मी माझे आकडे दिले,” ती म्हणाली. आतल्या खोलीत येऊन ती माझ्या मागच्या स्टुलावर बसली. मी चहासाठी पातेलं उचललं आणि सेट खरखरला.

“बाबा.”

पातेलं मी हळूच खाली ठेवलं.

“बाबा, पोचले मी. आडवे चार-शून्य-शून्य-तीन, उभे एक-आठ-पाच-शून्य.” दम लागला होता तिला, आणि त्यात आनंद होता. “कचेरीच्या दारात आहे. दार उघडा की. आतून लावलंय का?”

कचेरी तीन-नऊ-आठ-शून्यवर आहे. इतकी वर्षं झाली, झोपेतही सांगेन. मी खिडकीशी गेलो. पूर्वेला आमच्या कुंपणापलीकडे दलदल आहे, गवत आहे, आणखी काही नाही. धुकं काचेला चिकटलं होतं. त्या धुक्यात, कुंपणापलीकडे बरंच लांब, एक पिवळा चौकोन दिसत होता. आमच्या खिडकीएवढा. त्यात कुणीतरी माझ्यासारखंच काचेशी येऊन उभं होतं.

“दिसलात!” टिटवी ओरडली. “अहो, बघताय काय नुसते? मी इथे समोर आहे. हात करतेय.” मग ती थांबली. “बाबा, तुमच्या मागे कोण बसलंय?”

मी वळून बघितलं. टॉवेल मांडीवर घेऊन ती माझ्याकडे बघत होती. तिनेही ऐकलं होतं. मी काय सांगतो एवढंच तिला ऐकायचं होतं.

मला वाटतं, मी भ्यालो. दुसरं काही कारण नाही. ही इथे होती, हाताच्या अंतरावर, हाडामांसाची, आणि ती एक आवाज होती. ही माझी कोणी नाही असं मी सांगितलं, तर ही काय करेल याची मला धास्ती वाटली. आणि हीच माझी असली तर? मी माईक तोंडाशी नेला.

“माझी मुलगी आहे,” मी म्हणालो.

सेटवर नुसता वारा होता. मला वाटलं, गेली. मग अगदी हळू आवाज आला. असा आवाज तिने पाच वर्षांची असताना बाजारात माझा हात सुटला तेव्हा काढला होता.

“मग मी कुठे जाऊ, बाबा?”

एकतीस वर्षं मी लोकांना कुठे जायचं तेच सांगत आलोय. मी बटण दाबलं, नकाशाकडे बघितलं आणि बटण सोडून दिलं. आम्ही दोघंही ऐकत राहिलो, मी सेटपाशी आणि ती माझ्या मागे. मग माझ्या खांद्यावरून एक गार हात पुढे आला आणि सेटचं बटण फिरलं. हिरवा दिवा विझला. डोंगरातला शेवटचा माणूस आत येईपर्यंत सेट बंद करायचा नाही, हा या कचेरीचा पहिला नियम आहे. मी तो मोडू दिला.

“झालं बाबा,” ती म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदा तिने मला बाबा म्हटलं. “घरी चला.”

८

कचेरीला कुलूप लावून आम्ही निघालो. ती माझ्या डाव्या हाताला चालत होती, माझ्या पावलाशी पाऊल जुळवून, म्हाताऱ्या माणसाबरोबर चालावं तशी. दिव्यांच्या उजेडात मी दोन-तीनदा चोरून बघितलं. हनुवटीवरचा तीळ होता. भुवईतली खोक होती. वेडा आहेस तू, मी स्वतःला म्हणालो, पोरगी धडधाकट समोर आहे आणि तू रेडिओच्या खरखरीला घाबरतोस. उद्या यंत्र उघडून बघू. ओल गेली असेल. मी अगदी घरापर्यंत हेच घोकत आलो.

जिना चढून मी कडी वाजवली. आतून पावलं धावत आली. तिच्या आईने दार उघडलं, हातात पळी तशीच, डोळे रडून सुजलेले.

“आलात! अहो, जीव टांगणीला लागला होता माझा...”

तिने तोंडावरून हात फिरवला आणि माझ्या शेजारी बघितलं. नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू उतरत गेलं. मग तिने आम्हाला दोघांनाही बाजूला सारलं, जिन्याच्या कठड्यावरून वाकून खाली अंधारात पाहिलं, आणि वळून मला विचारलं,

“अहो, टिटवी कुठेय?”